घरचा सर्व्हर आणि घरचे दप्तर

महत्त्वाची कागदपत्रे लोखंडी ट्रंकेत, लग्नकार्याची छायाचित्रे अल्बममध्ये आणि हिशेबाच्या वह्या फळीवर, ही व्यवस्था महाराष्ट्रातील बहुतेक घरांत दोन पिढ्या तरी चालत आली. आता या तिन्ही गोष्टी मोबाइलमध्ये गेल्या आहेत. सातबाऱ्याचा उतारा, मुलांच्या गुणपत्रिका, विम्याचे कागद, दवाखान्याचे अहवाल आणि हजारो छायाचित्रे मोबाइलवरून एखाद्या कंपनीच्या दूरवरच्या संगणकावर साठविली जातात. ही सोय मोठी आहे आणि तिच्यामुळे हरवलेल्या मोबाइलबरोबर सारे काही हरवत नाही, हेही खरे आहे. परंतु ट्रंकेची किल्ली घरात होती. या नव्या कोठाराचे नियम मात्र दुसरा कोणी ठरवितो आणि तो ते बदलूही शकतो.

गूगल रीडर ही लोकप्रिय वाचनसेवा १ जुलै २०१३ रोजी बंद करण्यात आली. गूगल फोटोज या सेवेत छायाचित्रे विनामूल्य व अमर्याद ठेवण्याची सवलत होती. १ जून २०२१ पासून नव्याने चढविलेली छायाचित्रे १५ जीबीच्या सामाईक मर्यादेत मोजली जाऊ लागली. दोन्ही वेळा कंपनीने आगाऊ सूचना दिली होती, त्यामुळे फसवणूक झाली असे म्हणता येणार नाही. मुद्दा एवढाच की, घरचे दप्तर ज्याच्या जागेत आहे त्याच्या धोरणाशी ते बांधले जाते. यावर उपाय म्हणून आपल्याच घरात एक लहान संगणक अहोरात्र चालू ठेवून त्यावर आपल्या सेवा आपणच चालविण्याची पद्धत गेल्या काही वर्षांत जगभर रूढ झाली आहे. या संगणकाला घरचा सर्व्हर असे म्हणतात. मराठी घरांतील हौशी तरुण, अभियंते आणि शिक्षकही आता तिच्याकडे वळू लागले आहेत. या पद्धतीचे स्वरूप काय आणि तिच्याबरोबर कोणती जबाबदारी येते, याचा विचार येथे केला आहे.

यंत्र आणि वीज

घरच्या सर्व्हरसाठी मोठे यंत्र लागत नाही. जुना लॅपटॉप, कार्यालयातून निकालात निघालेला लहान डेस्कटॉप किंवा २०१२ मध्ये बाजारात आलेल्या रास्पबेरी पाय या मालिकेतील एखादा नवा संगणक एका कुटुंबाला पुरेसा होतो. यंत्र निवडताना वेगापेक्षा विजेचा खर्च आधी पाहावा, कारण ते वर्षाचे सर्व दिवस चालणार असते. सरासरी १० वॅट घेणारे यंत्र ३० दिवसांत ७.२ युनिट वीज वापरते. ६० वॅट घेणारा जुना डेस्कटॉप त्याच काळात ४३.२ युनिट वापरतो. फुकट मिळालेला संगणक वर्षाअखेर महाग पडतो, तो असा.

वीज अचानक जाणे हा आपल्याकडील नेहमीचा अनुभव. डेटाबेसमध्ये लिहिणे चालू असताना वीज गेली तर नोंदी बिघडण्याचा संभव असतो. म्हणून यंत्र आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर किंवा लहान यूपीएसवर असावेत. जुन्या लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, हा त्याचा गुण होय. मात्र ती फुगलेली नाही, हे अधूनमधून तपासावे लागते. रास्पबेरी पायवर मेमरी कार्डाऐवजी एसएसडी जोडणे हिताचे, कारण सतत लिहिले जाणारे कार्ड लवकर झिजते. कोकणात पावसाळी दमट हवेपासूनही यंत्राचे रक्षण करावे लागते. याहून अधिक यंत्राविषयी सांगण्यासारखे फारसे नाही.

कंटेनर म्हणजे काय

एकाच संगणकावर पाच-सहा निरनिराळ्या आज्ञावल्या चालवू लागले की त्यांच्यात भांडणे सुरू होतात. एकीला एखाद्या साहाय्यक घटकाची जुनी आवृत्ती हवी असते, तर दुसरीला त्याच घटकाची नवी. एक काढून टाकली तरी तिचे अवशेष मागे राहतात आणि तिसरी बंद पडते. कंटेनर ही रचना या अडचणीवरील उत्तर होय.

जुन्या पुण्यातील किंवा नाशिकातील वाडा डोळ्यांपुढे आणावा. वाड्याचा पाया एक, दिंडी दरवाजा एक, आड एक. आत मात्र दहा बिऱ्हाडे. प्रत्येकाची चूल वेगळी, सामान वेगळे, आणि एकाच्या खोलीत काय आहे ते दुसऱ्याला दिसत नाही. कंटेनर हे असे बिऱ्हाड आहे. संगणकाच्या लिनक्स या कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, सर्वांना सामाईक असतो. आज्ञावली आणि तिला लागणारे सर्व साहाय्यक घटक मात्र प्रत्येकाच्या खोलीत स्वतंत्र असतात. याआधीपासून प्रचारात असलेल्या आभासी संगणकाच्या पद्धतीत प्रत्येक आज्ञावलीसाठी जणू वेगळा बंगला आणि वेगळी विहीर बांधावी लागते. तेथे विलगता अधिक असते, परंतु जागा आणि खर्चही अधिक लागतो. वाड्यात बिऱ्हाडे दाटीने राहू शकतात. याचा व्यत्यासही ध्यानात ठेवावा: आड दूषित झाला तर पाणी सर्वांचेच बिघडते. कर्नलमध्ये दोष निघाला तर सर्वच कंटेनरांना धोका पोहोचतो.

या कल्पनेचा इतिहास वाटतो त्यापेक्षा जुना आहे. १९७९ मधील युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत एखाद्या आज्ञावलीला फायलींचा ठरावीक भागच दाखविण्याची सोय झाली. २००० मध्ये फ्रीबीएसडी या प्रणालीत ‘जेल’ नावाची अधिक कडक व्यवस्था आली. गूगलच्या अभियंत्यांनी २००६ मध्ये सुरू केलेल्या कामातून लिनक्सला प्रत्येक गटाच्या स्मृतीवर व प्रक्रियेच्या वेळेवर मर्यादा घालण्याची सोय मिळाली, आणि जानेवारी २००८ मध्ये ती कर्नलमध्ये समाविष्ट झाली. हे सारे तज्ज्ञांपुरते होते. मार्च २०१३ मध्ये सॉलोमन हाइक्स यांनी डॉकर ही आज्ञावली लोकांपुढे मांडली, आणि तिने या क्लिष्ट सोयी सामान्य वापरकर्त्याच्या आवाक्यात आणल्या. कंटेनर हे नाव अर्थातच मालवाहू जहाजावरील लोखंडी पेटीवरून घेतलेले आहे. माल्कम मॅक्लीन यांच्या ‘आयडियल एक्स’ या जहाजाने २६ एप्रिल १९५६ रोजी अशा ५८ पेट्या अमेरिकेतील न्यूअर्कहून ह्यूस्टनला नेल्या. १९८९ मध्ये सुरू झालेल्या न्हावा शेवा बंदरात आज ज्या पेट्यांच्या रांगा दिसतात, त्यांचे तत्त्व तेच: आत काय आहे याची क्रेनला फिकीर नसते, पेटीचे माप ठरलेले असले की झाले.

डॉकरमध्ये आज्ञावलीचा तयार साचा मिळतो. त्याला इमेज म्हणतात. इमेज ही एकावर एक ठेवलेल्या थरांची बनलेली असते आणि ती बदलत नाही. इमेजवरून कंटेनर सुरू केला की सर्वांत वर एक पातळ, लिहिण्याजोगा थर चढविला जातो. कंटेनर चालू असताना होणारे बदल या वरच्या थरात होतात. कंटेनर काढून टाकला की हा थरही जातो. पुढच्या साऱ्या विवेचनाचे मर्म याच एका वाक्यात असल्याने ते नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

घरात कोणत्या सेवा चालतात

फायली, दिनदर्शिका आणि संपर्क यांसाठी नेक्स्टक्लाउड, छायाचित्रांसाठी इमिच, चित्रफिती व संगीतासाठी जेलीफिन ही नावे बहुतेक ठिकाणी ऐकू येतात. या साऱ्या आज्ञावल्या मुक्त परवान्याखाली आहेत आणि त्याचा लाभ प्रत्यक्ष दिसून आला आहे. २०१० मध्ये सुरू झालेल्या ओनक्लाउडच्या संस्थापकांनी, फ्रँक कार्लिचेक यांनी, २०१६ मध्ये वेगळे होऊन त्याच पायावर नेक्स्टक्लाउड उभे केले. २०१८ च्या अखेरीस एम्बी ही आज्ञावली बंदिस्त झाली, तेव्हा तिच्या अखेरच्या मुक्त आवृत्तीवरून जेलीफिनचा जन्म झाला. मूळ चालकाने मार्ग बदलला तरी वापरणाऱ्यांची वाट खुंटली नाही.

मराठी कुटुंबाच्या दृष्टीने विशेष उपयोगाची आज्ञावली म्हणजे पेपरलेस-एनजीएक्स. कागद स्कॅन करून ठरविलेल्या फोल्डरमध्ये टाकला की ती त्यातील मजकूर वाचते, मूळ फाइल तशीच जपून ठेवते आणि शोधता येईल अशी दुसरी प्रत तयार करते. मग ‘गट क्रमांक’ किंवा एखाद्या गावाचे नाव टंकित केले की त्या मजकुराचे सारे कागद समोर येतात. वाचनाचे काम टेसरॅक्ट ही आज्ञावली करते आणि तिला छापील देवनागरी मराठी वाचता येते. परंतु पेपरलेसच्या मूळ इमेजमध्ये इंग्रजी, जर्मन, इटालियन, स्पॅनिश व फ्रेंच एवढ्याच भाषा असतात. मराठीची ‘एमएआर’ ही संज्ञा मांडणीत दोन ठिकाणी लिहावी लागते: एकदा ती भाषा बसवून घेण्यासाठी आणि एकदा ती वापरण्यास सांगण्यासाठी. दुसरी नोंद राहून गेली की मराठी कागदातून निरर्थक रोमन अक्षरांचा चुरा निघतो आणि आज्ञावलीच निकामी आहे असा समज होतो. हाताने लिहिलेले फेरफार आणि जुने खरेदीखत यांच्याबाबत मात्र फार अपेक्षा ठेवू नये. मोडी दस्तासाठी तर मोडी जाणणाऱ्या व्यक्तीवाचून आजही गत्यंतर नाही. अशा कागदांचे चित्र जतन करून त्यावर हाताने शीर्षक व तारीख घालणे, एवढे तरी करता येते.

शिक्षकांनी किविक्स या सेवेची माहिती अवश्य करून घ्यावी. मराठी विकिपीडियाची संपूर्ण प्रत एका फाइलमध्ये उतरवून घेता येते आणि किविक्स ती घरातल्या किंवा शाळेतल्या वाय-फायवरील सर्व मोबाइलना वाचावयास देते. इंटरनेट बंद असले तरी तिला बाधा येत नाही. डोंगराळ भागात याचे मोल वेगळे सांगावयास नको.

सेवा बदलता येते, माहिती नाही

या सेवा बसविण्यासाठी कंपोज नावाची एक साधी मजकूर-फाइल लिहिली जाते. कोणती इमेज, कोणता पोर्ट, माहिती कोठे ठेवावयाची, असे सारे त्या पानभर मजकुरात असते. ओळीच्या आरंभीची मोकळी जागा तिच्यात अर्थपूर्ण असते आणि ती टॅब कळीने सोडलेली चालत नाही. नवख्यांचा पहिला तास बहुधा येथेच जातो. ही फाइल दुसऱ्या संगणकावर नेली की तीच सेवा तेथेही उभी राहते. बिऱ्हाड हलविणे इतके सोपे झाले, हेच कंटेनरचे यश.

पण बिऱ्हाडाबरोबर सामान आपोआप जात नाही. कंटेनरच्या वरच्या थरात ठेवलेली माहिती कंटेनरबरोबर नष्ट होते, हे वर सांगितलेच आहे. म्हणून छायाचित्रे, कागदपत्रे व डेटाबेस यांची जागा कंटेनरबाहेर असावी लागते. त्यासाठी व्हॉल्यूम किंवा मूळ संगणकावरील नेमका फोल्डर जोडला जातो. घरगुती वापरासाठी सरळ नावाचा फोल्डर जोडणे अधिक श्रेयस्कर, कारण तो डोळ्यांना दिसतो. व्हॉल्यूमच्या बाबतीत एक धोका लक्षात ठेवण्यासारखा आहे. कंपोजच्या ‘डाउन’ या आज्ञेने सेवा थांबून कंटेनर निघतात व व्हॉल्यूम शाबूत राहतात. त्याच आज्ञेपुढे ‘व्ही’ हा एका अक्षराचा पर्याय जोडला तर व्हॉल्यूमही पुसले जातात.

दुसरी अडचण आवृत्त्यांची. इमेजच्या नावापुढे ‘लेटेस्ट’ असे लिहिण्याची सवय सर्वत्र आढळते. दिसावयास ती सोयीची असते. पुष्कळ सेवांच्या मागे पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस असतो आणि त्याच्या १६ व्या मुख्य आवृत्तीने लिहिलेली माहिती १७ वी आवृत्ती जशीच्या तशी उघडत नाही. एके दिवशी नवी इमेज उतरविली जाते आणि सेवा सुरूच होत नाही. माहिती गेलेली नसते, पण ते कळेपर्यंत घाबरलेला माणूस काहीतरी पुसून बसतो. म्हणून आवृत्तीचा क्रमांक स्पष्ट लिहावा, आणि तो बदलण्यापूर्वी आज्ञावलीच्या निर्मात्यांची सूचना वाचावी.

याच्या उलट टोकाला जाऊन वर्षानुवर्षे काहीच न बदलणेही चुकीचे. मूळ लिनक्स अद्ययावत केले तरी इमेजच्या आतील घटक जुनेच राहतात, कारण प्रत्येक बिऱ्हाडाचे सामान वेगळे असते. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे या जावा घटकात गंभीर दोष उघडकीस आला, तेव्हा तो घटक आपल्या कोणत्या आज्ञावलीच्या पोटात दडलेला आहे हे शोधण्यात जगभरच्या संगणकतज्ज्ञांचे अनेक दिवस गेले. महिन्यातून एक ठरलेला दिवस इमेजच्या देखभालीसाठी राखून ठेवणे हा मध्यम मार्ग म्हणता येईल.

दिंडी दरवाजा

घरातील सेवा घरातल्या वाय-फायवर वापरणे निर्धोक असते. प्रवासात असताना ती हवी झाली की प्रश्न उभा राहतो. राउटरमध्ये पोर्ट उघडून सेवा थेट इंटरनेटवर मांडणे हा मार्ग सोपा म्हणून सांगितला जातो, पण तो टाळावा. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट या खंडणीखोर आज्ञावलीने इंटरनेटवर उघड्या असलेल्या क्यूनॅप साठवणयंत्रांवर हल्ला केला आणि त्यांतील फायली कुलूपबंद करून प्रत्येकाकडे ०.०३ बिटकॉइनची मागणी केली. ज्यांचे नुकसान झाले त्यांत घरगुती वापरणारेही होते.

त्यापेक्षा वायरगार्डसारख्या व्हीपीएनने आपल्या मोबाइलपुरती गुप्त वाट तयार करावी. येथे भारतातील एक वस्तुस्थिती आड येते. अनेक इंटरनेट कंपन्या प्रत्येक घराला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता न देता एकाच पत्त्यामागे अनेक ग्राहक ठेवतात. राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ या अंकांनी सुरू होत असेल तर तसे समजावे. अशा घराला बाहेरून थेट गाठता येत नाही. तेव्हा आयपीव्ही६ चा पत्ता वापरणे, कंपनीकडून स्थिर पत्ता मागणे किंवा टेलस्केलसारखी मध्यस्थ सेवा घेणे हे पर्याय उरतात. शेवटच्या पर्यायात काही अंशी पुन्हा दुसऱ्यावर विसंबावे लागते, हे मान्य करूनच तो स्वीकारावा.

डॉकरचा एक स्वभावविशेष पुष्कळ जाणत्यांनाही ठाऊक नसतो. कंपोज फाइलमध्ये पोर्ट प्रसिद्ध केला की डॉकर तो संगणकाच्या सर्व पत्त्यांवर खुला करतो आणि त्यासाठी स्वतःचे नियम लिहितो. उबुंटूमधील यूएफडब्ल्यू या फायरवॉलने तोच पोर्ट बंद केलेला असला तरी तो बंद राहत नाही. फक्त त्याच संगणकापुरता पोर्ट हवा असेल तर त्याच्या आधी १२७.०.०.१ हा पत्ता लिहावा. तसेच डॉकरचे नियंत्रण करणारे सॉकेट एखाद्या कंटेनरला जोडणे म्हणजे भाडेकरूच्या हाती वाड्याच्या सर्व किल्ल्या देणे होय. काही सोयीच्या आज्ञावल्या ते मागतात. मागितले म्हणून देऊ नये.

प्रत आणि पुनर्स्थापना

दोन डिस्कवर एकच माहिती लिहिणारी आरसा-पद्धत अनेकांना बॅकअप वाटते. एक डिस्क बिघडली तर ती उपयोगी पडते खरी, पण चुकून पुसलेले छायाचित्र दोन्हीकडून एकाच क्षणी पुसले जाते. माहितीच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांपैकी एक घराबाहेर, हा छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी प्रचारात आणलेला नियम घरच्या सर्व्हरलाही पुरा पडतो. घराबाहेरची प्रत दुसऱ्या गावी राहणाऱ्या भावाकडील डिस्कवरही असू शकते. चालू डेटाबेसच्या फायली नुसत्या उचलून ठेवणे पुरेसे नाही. लिहिणे अर्धवट असताना घेतलेली प्रत पुढे उघडेलच असे नाही. डेटाबेसच्या स्वतःच्या आज्ञेने त्याची नक्कल काढावी किंवा सेवा काही मिनिटे थांबवून प्रत घ्यावी.

घेतलेली प्रत परत बसवून पाहिल्याशिवाय ती उपयोगाची आहे असे मानता येत नाही. सहा महिन्यांतून एकदा दुसऱ्या कोणत्याही संगणकावर कंपोज फाइल ठेवावी, प्रत उतरवावी, आणि पाच वर्षांपूर्वीचे एक छायाचित्र व एक दस्त उघडून पाहावे. या कामाला किती वेळ लागला तेही लिहून ठेवावे. रेस्टिकसारखी साधने प्रत सांकेतिक करून ठेवतात. त्यांचा पासवर्ड हरवला तर ती प्रत निर्मात्यांनाही उघडता येत नाही. म्हणून तो कागदावर हवा, आणि तो कागद त्याच सर्व्हरवर स्कॅन करून ठेवलेला असणे पुरेसे नाही.

शासकीय सेवेत बदली झाली की कार्यभार सोपविताना नस्त्या, किल्ल्या व नोंदवह्यांची यादी करून दोघांच्या सह्या होतात. घरच्या सर्व्हरबाबत असे सहसा घडत नाही. सारी मांडणी घरातील एका व्यक्तीच्या डोक्यात असते. ती व्यक्ती परगावी गेली, आजारी पडली किंवा तिचे निधन झाले, तर कुटुंबाच्या हाती एक अखंड दिवा लुकलुकणारे यंत्र उरते. आत वीस वर्षांची छायाचित्रे असतात, आणि ती काढावीत कशी हे कोणालाच ठाऊक नसते. कंपनीच्या सेवेत निदान तक्रार करण्यास पत्ता तरी असतो. ज्या घरात दुसऱ्या कोणाला यात रस नाही, तेथे महत्त्वाची छायाचित्रे व कागद साध्या फोल्डरमध्ये, विनासंकेत, एका बाह्य डिस्कवरही ठेवावेत. ती डिस्क कोणत्याही संगणकाला जोडली की उघडते.

घराची मर्यादा

ग्रामपंचायतीत किंवा शाळेत उत्साही व्यक्ती असली की हीच व्यवस्था तेथे वापरण्याचा मोह होतो. किविक्ससारख्या सार्वजनिक ज्ञानाच्या सेवेला हरकत नसावी. परंतु विद्यार्थ्यांच्या आधार क्रमांकांसह याद्या, लाभार्थ्यांचे अर्ज किंवा घरपट्टीच्या नोंदी एखाद्या सदस्याच्या वा शिक्षकाच्या घरच्या सर्व्हरवर नेणे योग्य नव्हे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ च्या कलम ३ नुसार व्यक्तीने स्वतःच्या किंवा घरगुती कारणासाठी केलेला माहितीचा वापर त्या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवलेला आहे. गावातील इतरांची माहिती आली की कारण घरगुती राहत नाही. अशा नोंदींसाठी शासनाने नेमून दिलेल्या प्रणालीच वापराव्यात, आणि कोणी पूर्वीच काही उतरवून घेतले असेल तर वरिष्ठांना कळवून ते रीतसर काढून टाकावे. काढताना बॅकअपच्या तिन्ही प्रतींतूनही ते काढावे लागते.